मीठकोळशाचा खड्डा

शेवंतीचा डावा हात मेला त्याला वर्ष उलटून गेलं होतं. हात अंगाला होता, पण तिचा राहिला नव्हता. सकाळी उठताना ती तो उजव्या हाताने उचलून मांडीवर घ्यायची, दुसऱ्याचं झोपलेलं पोर घ्यावं तसा. मग त्याला पदरात गुंडाळून भिंतीला टेकून बसायची. एकदा तो स्टोव्हच्या कडेला टेकून राहिला, तर भाजल्याचं तिला वासावरून कळलं. डावा पाय ती घासत ओढायची, त्याचा तळवाही बधिरच होता.

चारकोपच्या सेक्टरात बैठ्या घरांची रांग होती. खाडीत भराव घालून सरकारने पाडलेले प्लॉट. संपात गिरणी गेली तेव्हा शेवंतीच्या मुलाने, जयवंतने, लालबागची खोली सोडून इथे भिंती उभ्या केल्या होत्या. भराव अजून बसतच होता. दर पावसाळ्यात घर कुठेतरी तडकायचं, लादीला ओल यायची, आणि भरतीच्या वेळी मोरीतून खारट वास वर चढायचा. सून सुगंधा त्या वासाला नाक मुरडायची. शेवंतीला तो आवडायचा. डोळे मिटले की ती गावाला, मिठबावच्या खाडीकाठच्या खाजणाच्या बांधावर बसलेली असायची.

ते मशीन घरात आलं ते तिच्या आजारपणापायीच. सुगंधा मरोळच्या एका कंपनीत कंप्युटरवर बसायची. मासिकांच्या वर्गणीदारांची नावं आणि पत्ते त्यात भरायचे, हे काम. सासूच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा सुगंधाची आई वर्षभर येऊन राहिली. ती गावी परतल्यावर सुगंधा नोकरी सोडायचं सांगायला साहेबाकडे गेली, तर साहेब म्हणाला, "सोडतेस कशाला? जुनं मशीन पडलंय एक. घरी ने. आठवड्याला फ्लॉपी आणून देत जा."

आषाढात टेम्पोतून खोकी आली. एक पडदा, एक बटणांची फळी, एक राखाडी रंगाचा पत्र्याचा पेटारा, आणि वजनाला दगडासारखा स्टॅबिलायझर. देवांच्या फळीखालच्या लोखंडी टेबलावर ते सगळं मांडलं. टेम्पोवाले चहा पिऊन निघून गेले, आणि मग लक्षात आलं की प्लगला पिना तीन आणि घरातल्या सॉकेटला भोकं दोनच.

"त्यात काय!" जयवंत म्हणाला. गिरणीत तो साच्यांवर, म्हणजे मागांवर, जॉबर होता, कामगारांचा मुकादम. आता इंडस्ट्रियल इस्टेटीत प्लास्टिकच्या बादल्यांचे कान पाडायचा, आणि तिथे त्याला कुणी काही विचारत नसे. त्याने ब्लेडने प्लग कापून टाकला, दातांनी वायरी सोलल्या, लाल आणि काळी सॉकेटच्या भोकांत घालून वर काडेपेटीच्या काड्या ठोकून बसवल्या. तिसरी हिरवी वायर राहिली.

"आणि ही?" सुगंधाने विचारलं.

"ही उगाच. कंपनीवाले देतात." त्याने ती बोटाभोवती गुंडाळली आणि टेबलाच्या पायाशी सोडून दिली. मग बटण दाबलं. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली, तसा जयवंत छाती काढून मागे सरकला. "बघितलंस? अख्खं खातं चालवलंय मी."

शेवंतीने लांबूनच हात जोडले. म्हणजे उजवा हात कपाळाला लावला. डावा तसाच लोंबत राहिला.

नंतरचं घडलं ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. एका दुपारी सुगंधा मशीन चालूच ठेवून रेशनच्या रांगेत गेली होती. शेवंती टेबल पुसायला उठली. वाकताना डावा हात पदरातून सुटला आणि झोका खाऊन पेटाऱ्याच्या पत्र्याला लागला.

हातात काहीतरी चाललं.

आधी तिला वाटलं, मुंगी. पण मुंगी तिला कळली नसती. तळव्यातून मनगटापर्यंत बारीक बारीक काहीतरी सरकत होतं, गोड, थरथरतं. भाताच्या खाचरात पाय सोडून बसलं की बारके मासे येऊन पायाला तोंड लावतात ना, तसं. ती जागची हलली नाही. बाहेर पाऊस झिमझिमत होता, घरात पडद्याचा हिरवा उजेड, आणि तिच्या मेलेल्या हाताला मासे चाटत होते. तिला गुणाजी आठवला, तिचा नवरा. लग्नाच्या वर्षी भरलेल्या व्हाळातून पलीकडे नेताना त्याने हेच मनगट धरलं होतं. त्या धरण्याचा दाब तिला आता, इतक्या वर्षांनी, आतून जाणवला.

तिने कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तरी काय?

पण त्या दिवसापासून तिच्या दुपारीला अर्थ आला. सुगंधा पाण्याला किंवा मोरीवर गेली की ती भिंतीला धरून उठे, डावा हात उजव्याने उचले आणि पत्र्यावर ठेवी. देवाच्या पायावर फूल ठेवावं तसा. हात ठेवला की खाजण भरून येई. तिवरांत बगळे उतरत, मिठागराच्या वाफ्यांवर ऊन पसरे, कुणीतरी लांबून "गो शेवंते" अशी हाक मारी. सुगंधाची पावलं वाजली की ती हात काढून पदरात झाकून घेई. रात्रीपर्यंत तळवा आठवणीने गरम राही.

"आई, आज तोंडावर तेज दिसतंय हां," सुगंधा एकदा म्हणाली.

"माका बरा वाटता, बायो," शेवंती म्हणाली आणि लाजली.

एक गोष्ट मात्र तिला खुपायची. सुगंधा मशीनवर बसताना पायातली रबरी चप्पल काढत नसे. वर देव, खाली चप्पल. शेवंती एकदा बोललीही, "गो, घरात चप्पल कित्याक?" सुगंधा खाली बघत म्हणाली, "ओल येते ना आई लादीला. सर्दी होते." शेवंती मनात कुढली, पण गप्प बसली. सून घर चालवत होती.

मागच्या बाजूला वेगळाच तंटा होता. त्यांच्या आणि शेजारच्या घराच्या मागे एक चिंचोळी पट्टी मोकळी होती. तिथे शेजारची नंदा धुणं धुवायची आणि सुगंधा पाण्याचं पिंप ठेवायची. नंदाचा नवरा अंबादास वीज कंपनीत लाइनमन होता, मूळचा जालन्याकडचा. शिमग्याच्या सुमाराला नंदाच्या धुण्याचं पाणी पिंपाखालून जयवंतच्या भिंतीला लागलं. जयवंतने पट्टीच्या मधोमध विटांची ओळ लावली. नंदाचा धुण्याचा दगड त्यामुळे निम्मा पलीकडे गेला. "दगडाला पण पासपोर्ट काढू का आता?" नंदा ओरडली होती. तेव्हापासून दोन्ही दारं एकमेकींकडे पाठ करून होती.

भाद्रपदात पावसाने धरलं ते सोडेना. भिंतींना पोपडे आले, आगपेटी पेटेना, लादीवर पाऊल उमटू लागलं. पत्र्यातले मासेही बदलले. आता ते चाटत नव्हते, चावत होते. हात ठेवला की खांद्यापर्यंत झटका येई. शेवंतीला भीती वाटली. पण भीती वाटली तरी हाताला काहीतरी वाटतंय, ह्याचंच तिला अप्रूप होतं. ती आणखी थोडं थांबायची, आणि दात आवळून हात ठेवायची.

त्या दुपारी सुगंधा मोरीत भांडी घासत होती. मोरीचं पाणी तुंबून उंबऱ्यावरून आत आलं होतं आणि टेबलाखाली पसरलं होतं. शेवंती अनवाणी त्या पाण्यात उभी राहिली आणि तिने हात पेटाऱ्याच्या कडेवर ठेवला.

हाताने कड धरली.

बोटं आपोआप मिटली, एकेक, घट्ट. वर्षभर न मिटलेली मूठ मिटली. शेवंतीने ते डोळ्यांनी बघितलं आणि तिला ओरडून सांगावंसं वाटलं. पण तोंड उघडेना. सगळं अंग एका मोठ्या माशाने तोंडात धरून हलवल्यासारखं हलत होतं. घर लांब गेलं, देवांची फळी लांब गेली, पाणीच पाणी झालं, आणि पलीकडच्या काठावर कुणीतरी तिच्याकडे पाठ करून उभं होतं.

सुगंधा वळली आणि हातातलं पातेलं टाकून धावली. "आई! आई गं!"

"हात लावू नको!" मागच्या दारातून आवाज आला. नंदा होती, पातेल्याचा आवाज ऐकून विटा ओलांडून आलेली, हात साबणाने भरलेले. "सुगंधा, हात लावू नको त्यांना, तू बी चिकटशील! मेन बंद कर! मेन!"

सुगंधा थबकली, तशीच दाराकडे पळाली आणि मीटरखालचा खटका तिने खाली ओढला.

घर एकदम मुकं झालं. शेवंतीची मूठ सुटली आणि ती पाण्यात बसली. नंदाने मागून तिला धरलं. शेवंतीच्या तळव्यावर कडेच्या रेघेसारखा पांढरा डाग उमटला होता. तो तिला दुखत नव्हता.

"धरल्यान गो," ती म्हणाली. "माझ्या हातान धरल्यान."

नंदाने तिच्या कपाळावरचा घाम पुसला. "धरलं आजी, धरलं. ते धरणं चांगलं नसतंय."

डॉक्टरांनी छाती तपासली, मलम दिलं आणि नशीब थोर आहे म्हणून सांगितलं. संध्याकाळी जयवंत कामावरून आला आणि बातमी ऐकून दारातच बसला. अंबादासही ड्यूटी संपवून आला होता. नंदा त्याला घेऊन पुढच्या दाराने आली, पाहुण्यासारखी. त्याने आधी मेन बंद असल्याची खात्री करून घेतली, मग खाली बसून बॅटरीच्या उजेडात टेबलाखाली बघितलं. सॉकेटमधल्या काड्यांवर त्याने बॅटरी धरली. जयवंतची मान खाली गेली.

"स्टॅबिलायझरचा पाय वायरवर आलाय," अंबादास म्हणाला. "खालून सोलून निघालीये. आतली तार पत्र्याला लागली. स्टॅबिलायझर, टेबल, पेटारा, सगळं लोखंडाला लोखंड. सगळ्यात करंट."

"पण आजच लागली ना?" जयवंतने विचारलं.

"ही आज नाहीतर काल. पण आधीबी झिणझिण्या येत असणार. अर्थिंगच नाही ना." त्याने ती गुंडाळलेली हिरवी वायर उलगडून दाखवली. "चुकार करंटाला जमिनीत जायला ही वाट असती. वाट नसली तर तो माणसातून जातो."

जयवंतचा चेहरा काळवंडला. शेजाऱ्यासमोर, बायकोसमोर आणि आईच्या बांधलेल्या हातासमोर त्याला बसवेना. तो उठला. "मशीन परत जाईल. उद्याच. नाय पायजे आपल्याला."

"अहो," सुगंधा म्हणाली.

"आई मेली असती!"

सुगंधाने पायांकडे बघितलं. पायांत रबरी चप्पल होती. शेवंतीने त्या नजरेमागोमाग बघितलं, आणि तिच्या ध्यानात आलं. ही पोरगी पण रोज खात होती चटके. मशीन जाईल, काम जाईल म्हणून गप्प होती. दोघी एकाच घरात, एकाच पत्र्याला हात लावून, एकमेकींपासून लपवत होत्या.

"जयवंता," शेवंती म्हणाली, "मशीन खंय जावचा नाय."

"आये, तू गप रव."

"कित्याक गप? हात माझो भाजलो हा. ह्यो अंबादास वाट म्हणता ना जमिनीत? मगे करा वाट. जमीन काय कमी हा?"

अंबादासने खोकल्यासारखं केलं. "खड्डा मारावा लागंल. ओली जागा पाहिजे." तो जरा थांबला. "ओली जागा मागंच आहे. विटा आहेत तिथं."

नंदा छपराकडे बघू लागली.

"माझ्याबी घरात अर्थिंग नाही," अंबादास पुढे म्हणाला, आणि आता खाली बघायची पाळी त्याची होती. "लोकांची कामं करत फिरतो, घरचं राहतंय. एका खड्ड्यात दोन्ही घरांचं होईल."

जयवंत मागच्या दाराने बाहेर गेला. थोड्या वेळाने विटा उपटून कडेला रचल्याचा आवाज आत आला.

रविवारी पावसाने उघडीप दिली. दोघे सकाळपासून खणायला लागले. वरचा थर भरावाचा होता, मुरूम, विटांचे तुकडे, फुटक्या कपबशा, चिंध्या. पहार त्यावर खणखणायची आणि दोघांच्या मनगटांना झिणझिण्या यायच्या. जयवंतची पाठ गिरणी सुटल्यापासून अशी वाकली नव्हती. तळहाताला फोड आले, ते फुटले, त्याने फडकं बांधलं. अंबादास घमेली वर काढून देई आणि सुगंधा ती कडेला रिकामी करी. नंदा कांदा, चटणी आणि भाकरी घेऊन आली, सगळे पट्टीतच उकिडवे बसून जेवले.

"जॉबर होता ना तुमी?" अंबादासने घास घेत विचारलं.

"हां. चांगला होतो."

"खणण्यावरून दिसतंय. कड सरळ निघाली."

जयवंतने मान हलवली, पण मग त्याने आणखी एक भाकरी मागून घेतली.

दुपारनंतर भराव संपला आणि खाली काळी माती लागली. मऊ, चकचकीत, लोण्यासारखी, मध्ये पांढरे शिंपले. खाडीचा वास उसळून वर आला. शेवंती दारात बसली होती, ती सरकत सरकत कडेशी आली. तिने त्या मातीचा गोळा मागून घेतला आणि डाव्या हाताच्या न भाजलेल्या बोटांत भरला. माती बोटांमधून ओघळली. तिला काही कळलं नाही. पण नाकाला कळत होतं, डोळ्यांना कळत होतं. खाली, सगळ्या घरांच्या खाली, खाजण अजून तसंच पडून होतं.

ओल टिकावी म्हणून अंबादासने तळाशी कोळसा पसरला, त्यावर जाडं मीठ, मध्ये जस्त चढवलेला पाइप उभा केला. पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ.

"मीठ माका टाकूक दी," शेवंती म्हणाली.

तिने उजव्या हाताने मूठ मूठ मीठ टाकलं. सुगंधा तिला मागून धरून होती. खड्डा बुजला, पाइपाचं तोंड तेवढं वर राहिलं. पाइपाला घट्ट बोल्ट मारून अंबादासने तांब्याची तार भिंतीवरून आत नेली, एक त्यांच्या घरात, एक आपल्या. सोललेली वायर बदलली. तीन भोकांचं सॉकेट लाकडी फळीवर बसवलं, जमिनीपासून वर, मोरीचं पाणी पोचणार नाही असं. जयवंतने नवीन प्लग स्वतः जोडला, आणि हिरवी वायर मोठ्या पिनेला लावताना अंबादासकडे बघितलं. अंबादासने होकार दिला.

मेन चालू झाला. अंबादासने पत्र्याला टेस्टर लावला, मग दोन तारांचा तपासणीचा दिवा जोडून बघितला. "नाही काही," तो म्हणाला. सुगंधाने चप्पल दाराबाहेर काढून ठेवली, कोरड्या पाटावर पाय ठेवून बसली आणि पेटाऱ्यावर हात ठेवला. तिच्या खांद्यांतून दोन महिन्यांचा ताठरपणा उतरताना सगळ्यांना दिसला.

माणसं पांगल्यावर शेवंती उठली. हातावरची पट्टी तिने जरा सरकवली आणि बोटं पत्र्यावर ठेवली.

पत्रा होता. गार, सपाट पत्रा. मासे गेले होते, व्हाळ गेला होता, धरणारा गेला होता. ती वाट बघत राहिली. पडद्यावर हिरवी रेघ उघडमीट करत होती, त्या रेघेला कशाचं काही पडलं नव्हतं.

त्या दिवशी ती जेवली नाही. सुगंधाने ताट दोनदा पुढे केलं. मग ती सासूजवळ बसली.

"आई, तुम्हाला बरं वाटायचं का त्याने? हाताला?"

शेवंतीच्या डोळ्यांतून पाणी आलं ते पुसायला उजवा हात वर गेला. सुगंधाने सासूचा डावा हात आपल्या मांडीवर घेतला आणि खोबरेल तेल घेऊन एकेक बोट चोळायला लागली. ते ती नंतर रोज करायची, काम संपल्यावर, नावं आणि गावं भरून झाल्यावर. शेवंती ते करून घ्यायची. हाताला ते कळत नसे, पण सुनेचं डोकं इतकं जवळ आलं की तिच्या केसांचा वास येई, तो कळायचा.

पावसाळा गेला, थंडी आली आणि गेली. चैत्रात जमीन भाजून निघाली. मागच्या पट्टीत भेगा पडल्या. अंबादास येऊन पाइपाच्या तोंडाशी बसला आणि म्हणाला, "खड्डा सुकला तर वायर असून नसल्यासारखीच. रोज पाणी पाहिजे. विसरायचं नाही."

"मी घालतंय," शेवंती म्हणाली.

तेव्हापासून दुपार कलली की ती उजव्या हातात तांब्या घेऊन मागे जायची. डावा पाय घासत, भिंतीला खांदा लावत. पाइपात पाणी ओतलं की आतून गुडगुड आवाज यायचा, कोळसा पाणी प्यायचा. उरलेलं ती भोवतीच्या मातीवर शिंपायची. मिठामुळे तिथे गवताचं पातंही उगवत नव्हतं.

"काय लावलंय आजी?" मागच्या गल्लीने जाणारा मीठवाला एकदा थांबून विचारू लागला. "नुसत्या जमिनीला पाणी घालता?"

नंदा कपडे वाळत घालता घालता हसली. शेवंती मात्र विचारात पडली. तिला त्याला नीट सांगायचं होतं.

"घरात सून बसलीसा," ती म्हणाली. "तिका लागाचा नाय म्हणून घालतंय."

मीठवाल्याला कळलं की नाही कोण जाणे. तो मान हलवून पुढे गेला. शेवंती तिथेच उभी राहिली. ऊन खाली उतरलं होतं, खाडीकडून वारा सुटला होता, आत सुगंधाची बटणं टिकटिकत होती. ओल्या मातीत तिची दोन्ही पावलं रुतली होती. उजव्या पायाच्या तळव्याला गारवा लागत होता. आणि मग, कुठून तरी लांबून, डाव्यालाही लागल्यासारखा वाटला. खरंच लागला की तिला नुसतं वाटलं, हे तिला सांगता आलं नसतं. तिने कुणाला हाक मारली नाही. पाऊल न हलवता तिने पिंपात तांब्या बुडवला आणि तिथेच आणखी पाणी ओतलं.